दहा टक्के जादा

तिचा दिवस पहाटे तीन पन्नासला सुरू व्हायचा. गजर लावायची, पण तो वाजायच्या आत उठून बंद करायची, कारण नवरा शेजारी झोपलेला असायचा. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून गुडघे शेकायची. उजवा वीस मिनिटं, डावा पंधरा. उजवा जास्त झिजला होता. त्यानंतर चहा, डबा, आणि साडेपाचला कामावर. बाकीचे कामगार सातला यायचे. मधला दीड तास तिला खोली रिकामी हवी असायची, कोरडी मांडणी करायला.

फरशी चिकटवण्याआधी नुसती मांडून बघायची, त्याला कोरडी मांडणी म्हणतात. खोलीचा मध्य काढायचा, तिथून चारी बाजूंना टाइल लावत जायचं आणि भिंतीशी किती तुकडा उरतो ते पाहायचं. बोटभरच उरत असेल तर अख्खी ओळ सरकवायची. बहुतेक जण एकच ओळ मांडून बघतात. ती सगळी खोली मांडायची, मग उचलायची आणि मग बसवायची. म्हणजे एकच फरशी दोनदा घालायची. पैसे एकदाच मिळायचे.

मी एक्केचाळीस वर्षं गिलावा केला. भिंती माझ्या आणि जमीन तिची, असं आम्ही कितीतरी इमारतींत काम केलं. पहिल्या भेटीतच तिने माझ्या भिंतीला ओळंबा लावला.

"दादा, भिंत खाली चार मिलिमीटर पोटात आली आहे."

"मग वरून टाइल लाव नि झाक."

"मी झाकायला नाही आले."

मी ती भिंत खरवडली. मनातल्या मनात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत खरवडली, पण खरवडली.

तिला सगळे दहाटक्के म्हणायचे. दुकानात जाऊन ती मोजलेला आकडा सांगायची आणि पुढे म्हणायची, "वर दहा टक्के जादा." टाइल फुटते, काप चुकतो, आणि पाच वर्षांनी घरमालकाच्या हातून काही पडून एखादी तडकली तर त्याच रंगाची दुसरी मिळत नाही. म्हणून दहा टक्के. दुकानदार तिला लांबून पाहूनच आतल्या माणसाला सांगायचा, "दहाटक्के आली, खोकी काढ." तिला हे नाव माहीत होतं. तिला ते आवडायचंही, पण तसं ती कधी बोलली नाही.

तिचा नवरा शहर बसचा ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर त्याला पेन्शन सुरू झालं. बेताचंच, पण दर एक तारखेला. त्यावर तो तिला चिडवायचा. "मी झोपलो तरी माझे पैसे चालत येतात. तू झोपलीस की तुझे पैसे पण झोपतात." बोलणं खरं होतं, म्हणून ती हसायची. पण पेन्शनमध्ये घर पुरं चालत नव्हतं. म्हणून शनिवार-रविवारी तो एका सहलवाल्याची बस चालवायचा. घरी बसवत नाही म्हणून जातो, असं सांगायचा.

सत्तावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे उजेडासमोर धरले आणि सांगितलं, या गुडघ्यांवर अजून तीन वर्षं बसता येईल, फार तर. तिने बाहेर येऊन हिशोब केला. आपल्या हाताने आपलं काम करणाऱ्यांसाठी जे निवृत्ती खातं असतं, ते तिने चार वर्षांपूर्वी उघडलं होतं. त्यात अमुक एक रक्कम जमली की महिन्याला हप्ता सुरू होऊन तिला थांबता येणार होतं. ज्या गतीने ती भरत होती, त्या गतीने त्याला चार वर्षं लागणार होती. गुडघे तीन वर्षांचे, खातं चार वर्षांचं. मधलं एक वर्ष कुठून आणायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. तो तिने मला सांगितला, नवऱ्याला सांगितला नाही.

पूर्वी ती पावत्या एका रिकाम्या बादलीत टाकायची आणि वर्षाच्या शेवटी बादली उचलून एका कारकुनाकडे न्यायची. तो विवरणपत्र भरून द्यायचा. त्याने काम बंद केलं तेव्हा तिने कर भरायचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि मला बोलावलं. माझी बोटं जाड आहेत, एका वेळी दोन बटणं दाबली जातात. पण माझा कर मी सहा वर्षं त्याच सॉफ्टवेअरमध्ये भरला होता आणि अजून कोणी माझ्या दारात आलं नव्हतं. तिला एवढी पात्रता पुरे वाटली.

तो रविवार होता, सकाळी दहाची वेळ. विवरणपत्र भरायला अकरा दिवस उरले होते. नवरा सहल घेऊन गेला होता. स्वयंपाकघरातलं टेबल तिने आधीच पुसून कोरडं केलं होतं. डावीकडे पावत्या महिन्याप्रमाणे लावलेल्या, उजवीकडे बँकेचे कागद. मी कामाला सुरुवात केली.

सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं, आपण उत्तरं द्यायची. तुम्ही स्वतःचा व्यवसाय करता का?

"गुडघे दाखव त्याला," ती म्हणाली.

खर्च, मिळकत, गाडीचं पेट्रोल, कापायच्या मशीनची पाती, सगळं भरत गेलो. खर्च वजा जाऊन निव्वळ नफा आला पंचेचाळीस हजार. मग विचारलं, निवृत्ती खात्यात किती भरले? तिने कागद पुढे सरकवला. नऊ हजार नऊशे. मी तो आकडा टाकला आणि पडद्यावर लाल पट्टी आली.

"हे काय?"

"जास्त झाले म्हणतोय. आपल्यासारख्यांना निव्वळ नफ्याच्या एक पंचमांश भरता येतात. तुझे होतात नऊ हजार. नऊशे जादा आहेत."

"माहीत आहे की. नऊ हजारच होत होते. त्याच्यावर मी दहा टक्के टाकले."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "का?"

"का म्हणजे? कमी पडायला नको म्हणून."

"अगं बाई, ही काय खोली आहे का? इथे जादा टाकलं की दंड आहे. सहा टक्के. आणि ते पैसे काढून घेईपर्यंत दर वर्षी."

तिने कागद परत ओढून पाहिला. तिशीपासून एकच चांगली सवय जपलेली आणि त्याच सवयीबद्दल दंड. मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "दुकानदाराला हे कळता कामा नये."

उपाय सोपा होता. मुदत संपायच्या आत नऊशे काढून घ्यायचे, दंड टळला असता. मी ते बटण शोधू लागलो. तिने माझा हात धरला.

"थांब दादा. आधी सगळं वाचू या."

"अगं, मदतीची पानंच चाळीस आहेत."

"असू देत. मांडून बघितल्याशिवाय मी चिकटवत नाही आणि उखडत पण नाही."

मग तिने चष्मा लावला आणि वाचायला बसली. मी दोनदा चहा केला. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. कळलं नाही तर मागे जायची आणि पुन्हा वाचायची. मी सहा वर्षं ते सॉफ्टवेअर वापरलं, ती पानं एकदाही उघडली नाहीत. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे. बाराच्या सुमारास तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"दादा, हे वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. ज्या वर्षी खातं उघडं होतं पण मर्यादेइतके पैसे भरले नाहीत, त्या वर्षीची राहिलेली जागा पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. आधी सगळ्यात जुनी जागा भरायची. तीन वर्षं झाली की ती जागा कायमची जाते.

"तीन वर्षांपूर्वी तू किती भरले होतेस?"

"काहीच नाही. आई अंथरुणाला होती ना. सगळे तिकडे गेले."

"आणि नफा?"

तिने कपाटातून जुनं विवरणपत्र काढलं. निव्वळ नफा चाळीस हजार, म्हणजे मर्यादा आठ हजार. भरले शून्य. जागा पूर्ण रिकामी, आणि ती वापरायचं हे शेवटचं वर्ष.

मी आकडे टाकताना दोनदा चुकलो, जाड बोटांनी दोन-दोन बटणं दाबली गेली. तिसऱ्यांदा बरोबर पडले आणि लाल पट्टी गेली. तिचे नऊशे जादा राहिलेच नाहीत, ते त्या जुन्या जागेत जाऊन बसले. खाली नवी ओळ आली. अजून भरता येतील, सात हजार शंभर. अकरा दिवसांत भरले तर चालतील, नाही तर ती जागा गेली.

ती उठून उभी राहिली. टेबलाभोवती एक चक्कर मारली, पुन्हा बसली. "सात हजार शंभर, आणि त्याच्यावर वाचेल तो कर. दादा, हे माझं एक वर्ष आहे."

तेच तिचं हरवलेलं वर्ष होतं. आमच्या दोघांच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला. मला अडुसष्टाव्या वर्षी उडी मारावीशी वाटली. मारली नाही. तिच्या खालच्या मजल्यावर लोक राहतात.

आता पैसे. बँकेत एक हजार नऊशे होते. हातात एक काम होतं, पोहण्याच्या तलावाशेजारची कपडे बदलायची मोठी खोली. काम पास झालं की त्याच दिवशी पाच हजार तीनशे मिळणार होते. दोन्ही मिळून सात हजार दोनशे. पुरत होते, वर शंभर उरत होते. अडचण एकच होती. ते काम अजून अडीच आठवड्यांचं होतं.

संध्याकाळी नवरा आला. तिने त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, गुडघ्यांचं तीन वर्षांचंही. ते ऐकून तो खुर्चीवर बसला.

"हे मला आत्ता सांगतेस?"

"आधी उपाय नव्हता. नुसतं सांगून काय करणार होता तुम्ही?"

"बसचा हॉर्न वाजवला असता," तो म्हणाला. मग बँकेचा कागद बघून, "सगळे टाकलेस तर महिनाभर हातात काही राहणार नाही."

"शंभर राहतील."

"शंभर तू ठेव. महिनाभर घर माझं." मग माझ्याकडे वळून, "काय गिलावेवाले, तुम्ही नुसता चहाच पिणार का घमेलं पण उचलणार?"

सोमवारी पहाटे साडेपाचला मी तिच्यासोबत तलावावर हजर होतो. सहा वर्षांनी हातात थापी धरली.

ती खोली सोपी नव्हती. चार कोपऱ्यांत चार जाळ्या होत्या आणि पाणी सगळीकडून जाळ्यांकडे गेलं पाहिजे. म्हणजे जमीन एका बाजूला नाही, चार बाजूंना उतरती. उतार डोळ्याला दिसता कामा नये, पाण्याला मात्र कळला पाहिजे. खालचा मसाल्याचा थर मी ओढायचा, वर टाइल तिने बसवायची. मसाला मी मिसळायचा, पाणी मी आणायचं, कापायचं मशीन मी धुवायचं. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता माझी पाठ गेली. तिला सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे, संध्याकाळी परत येईल."

तलावाच्या व्यवस्थापकाला तिने आधीच विचारून ठेवलं होतं. तो भला माणूस होता. म्हणाला, लवकर झालं तर मला हवंच आहे, पण पाणी टाकून बघितल्याशिवाय सही नाही. तिने सांगितलं, "तुम्ही नाही बघितलं तर मी बघेन."

तसे दिवस मी पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते. पहाटे कोरडी मांडणी, सातला मसाला, संध्याकाळी पाचपर्यंत ओळीमागून ओळ. घाईतही तिने कोरडी मांडणी सोडली नाही. मी एकदा सुचवून पाहिलं. ती खोलीचा मध्य काढायला लागली. चिकटवलेल्या टाइलला चोवीस तास द्यावे लागतात, त्यानंतरच सांधे भरायचे. ते चोवीस तास काही केल्या तेवीस होत नाहीत. म्हणून तिने खोलीचे चार भाग पाडले. एक वाळत असताना दुसरा बसवायचा, तिसऱ्याचे सांधे भरायचे. कागदावर रोजच्या कामाचे चौकोन आखून तो भिंतीला चिकटवला. रोज संध्याकाळी एक चौकोन खोडायची. ते खोडताना तिचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. मी जेवताना बायकोला रोज सांगायचो, आज इतके चौकोन झाले. बायको म्हणाली, "आपल्या लग्नात तुम्ही एवढे खूश नव्हता."

नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, शेवटचे सांधे भरून सुकले होते. गुरुवारी मुदत संपत होती. व्यवस्थापक आला, तिने बादलीने पाणी ओतलं. पाणी चारी बाजूंनी जाळ्यांकडे पळालं. मग तिसऱ्या जाळीपाशी, भिंतीकडेला, बशीएवढं पाणी थांबलेलं दिसलं.

आम्ही तिघं त्या बशीकडे बघत उभे होतो.

"एवढं चालतं हो," व्यवस्थापक म्हणाला. "पुसायचं फडकं मारतील. आणा, सही करतो."

सही केली असती तर पैसे दुपारपर्यंत आले असते. दोन दिवस हातात राखून. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण तो थर मी ओढला होता. तिने पाणसळ ठेवली. तीन मिलिमीटर खोल.

"इथे ओल्या पायाची माणसं येणार," ती म्हणाली. "सही करू नका. दादा, छिन्नी आण."

सहा टाइल्स फोडल्या. फोडताना शेजारच्यांना धक्का लागू नये म्हणून ती मधून सुरुवात करत होती, टिचकीएवढ्या घावांनी. दीड तास गेला. खालचा थर मी खरवडला आणि पुन्हा ओढला. या वेळी पाणसळ मी स्वतः चार वेळा ठेवली. दुपारी एकला नव्या सहा बसल्या. बुधवारी दुपारी एकनंतर सांधे. गुरुवारी सकाळी पाणी.

बुधवारी सकाळी करायला काहीच नव्हतं. चोवीस तास भरायचे होते. ती भिंतीला टेकून बसली आणि मी तिला विचारलं, "एवढ्यासाठी वर्ष गेलं असतं तर?"

"तर गेलं असतं."

"आणि गुडघे?"

"दादा, वाळू दे ना गुपचूप."

गुरुवारी सातला बादली ओतली. पाणी त्या कोपऱ्यात आलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि जाळीकडे वळलं. जमीन कोरडी. व्यवस्थापकाने कागद भिंतीवर धरूनच सही केली. म्हणाला, "अकरापर्यंत पैसे टाकायला लावतो."

अकराला आम्ही तिघं तिच्या स्वयंपाकघरात, मी, ती आणि नवरा. बँकेचं पान उघडं. साडेअकरा झाले, काही नाही. बारा झाले. नवऱ्याने दोनदा विचारलं, "नीट बघितलंस ना?" तिने दोनदा पडदा त्याच्याकडे वळवला. चारला बँकेचे व्यवहार बंद होणार होते. बारा वीसला तिने पान पुन्हा उघडलं आणि पाच हजार तीनशे आलेले होते.

तिने निवृत्ती खात्याचं पान उघडलं. आकडा टाकायला बोट उचललं, तेवढ्यात नवरा म्हणाला, "काय, दहा टक्के जादा टाकतेस का?"

"टाइल फुटते. आकडा फुटत नाही." तिने सात, एक, शून्य, शून्य दाबलं. एकेक बटण, खोलीच्या मध्यावर पहिली टाइल ठेवावी तसं. मग पुन्हा वाचलं. मग मला वाचायला लावलं. मग पाठवलं.

सॉफ्टवेअरमध्ये मी तोच आकडा भरला. राहिलेली जागा शून्य झाली. वर करात बऱ्यापैकी परतावा दाखवला. मी टेबलावर मूठ आपटली आणि चहाचा कप उलटला. नवऱ्याने टेबल पुसलं आणि म्हणाला, "हे बघा, पाणी थांबतंय. तुमच्याच बाजूला उतार चुकला आहे, गिलावेवाले." मग तिला हसू फुटलं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली.

नंतरची तीन वर्षं तिने दर वर्षी मर्यादेइतके भरले, एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. साठ पूर्ण झाले त्याच महिन्यात तिने मशीन विकलं आणि गाडी विकली. विकताना मशीनचं पातं नवं बसवून दिलं.

पहिला हप्ता महिन्याच्या एक तारखेला आला. शुक्रवार होता. मी सहज गेलो होतो. तिने कागदावर किराणा, वीज, गॅस आणि औषधं लिहिली होती. खाली बेरीज, आणि बेरजेशेजारी सहलवाला नवऱ्याला महिन्याला काय देत असे तो आकडा. दोन्ही जवळपास सारखेच होते. तिने कागद त्याच्यापुढे ठेवला.

"आजपासून हे माझं. त्या माणसाला फोन करा."

"उद्याची सहल ठरलेली आहे."

"उद्याची करा. पुढची नाही."

त्याने बेरीज बोट ठेवून तपासली. त्याचं वय तेव्हा सहासष्ट होतं, आणि निवृत्त झाल्यापासून एकही शनिवार तो घरी नव्हता. मग त्याने फोन उचलला आणि सहलवाल्याला सांगितलं की रविवारी गाडी धुऊन लावतो आणि किल्ली देऊन येतो.